बाबांची व्हीटेक आणि साडेचार लाखांचं कोटेशन

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात, वय ३४. माहेर रत्नागिरीजवळ. वडिलांची २००१ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक (व्हीटेक म्हणजे आरपीएम वाढला की इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारं होंडाचं तंत्र) गेली साडेतीन वर्षं घराच्या पडवीत चार चिऱ्यांवर उभी आहे. आजवर ९६ हजार किलोमीटर चाललेली. बायपासनंतर वडील गाडी चालवत नाहीत. येत्या दिवाळीत त्यांना सत्तर पूर्ण होतील, तेव्हा कुणाला पत्ता लागू न देता गाडी ‘पहिल्यापेक्षा जोरात’ करून त्यांच्या पुढ्यात उभी करायची, असा ताईंचा बेत आहे. बंद होण्याआधी गाडीचा पिकअप गेला होता, आंबा घाटात टेंपरेचरचा काटा चढायचा, सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर यायचा आणि दुपारच्या उन्हात कधी कधी स्टार्टर फिरायचा पण इंजिन धरायचं नाही. गावच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. पुण्यातल्या एका ट्यूनरने (गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्याने) फोटो आणि व्हिडिओ बघून ‘व्हीटेक मेलंय’ असं निदान केलं: जपानी हाफ-कटचं (तिथून अर्धी कापून आणलेल्या गाडीचं) इंजिन टाका, नाहीतर आहे त्याला टर्बो लावा, शिवाय कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन), मोठी चाकं, रंग, मिळून ४ लाख ६० हजार. भाऊ म्हणतो भंगारात घाल. नवरा म्हणतो, तेवढ्यात चांगली वापरलेली स्विफ्ट येते. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदत नोव्हेंबरात संपतेय. ‘मी वेडेपणा करतेय का?’

ताई,

थोडासा. पण भाऊ आणि नवरा दाखवतात त्या जागी नाही. पंचवीस वर्षांच्या गाडीत जीव अडकणं हा काही वेडेपणा नव्हे. तसं असतं तर माझ्या ओळखीतली निम्मी माणसं येरवड्याला असती. मला खटकतात ते तुमच्या पत्रातले दोनच शब्द: ‘पहिल्यापेक्षा जोरात’.

पहिली कशी होती, हे तुम्हाला माहीत आहे का? गाडी घरी आली तेव्हा तुम्ही नऊ-दहा वर्षांच्या, मागच्या सीटवर. तुम्ही लिहिता की बाबांनी तुम्हाला हीच गाडी शिकवली, ‘बारावीनंतरच्या सुट्टीत’. म्हणजे गाडी तेव्हाच आठ-नऊ वर्षांची. त्यानंतरचे शॉक ॲब्सॉर्बर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), इंजिन माउंटिंग यांतलं काही बदलल्याचा उल्लेख पत्रात नाही. याचा अर्थ धडधाकट व्हीटेक तुम्ही कधी चालवलेलीच नाही. तुम्ही चालवली ती दमलेली, आणि आता तिला तुम्ही अपग्रेड म्हणून टर्बो देणार. दम लागलेल्या माणसाला बूट बदलून देण्यासारखं आहे हे.

ती काय चीज होती ते थोडं सांगतो. ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून होंडाने पहिली सिटी इथल्या बाजारात आणली १९९८च्या जानेवारीत. पुढे आलेल्या १.५ व्हीटेकची ताकद १०६ बीएचपी, वजन जेमतेम टनभर. त्या वेळी आपल्याकडच्या त्या किमतीच्या बऱ्याच सेदान ८५-९० बीएचपीच्या घरात होत्या. आज १०६ हा आकडा ऐकून कुणी मान वळवणार नाही, पण हलक्या अंगाची, वरच्या आरपीएमला खिदळणारी ती गाडी ज्यांनी चालवली ते अजून तिच्याबद्दल बोलताना हाताने गिअर टाकतात. तुमचे बाबाही टाकत असतील. बघा एकदा.

तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता, म्हणून व्हीटेक ‘मरतं’ म्हणजे काय ते तुमच्या भाषेत बघू. कॅमशाफ्टवर प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक बाजूला तीन उंचवटे असतात: कडेचे दोन सौम्य, मधला उंच. खालच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कडेच्या सौम्य उंचवट्यांवर चालतात. आरपीएम वाढला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) उघडतो, ऑइलचं प्रेशर रॉकरच्या आतली एक छोटी पिन सरकवतं, तीन रॉकर एकमेकांत अडकतात आणि सगळे मधल्या उंच कॅमच्या मागे जातात. व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडतात, इंजिन मोकळा श्वास घेतं. तुम्ही लिहिलंय तो ‘आवाज बदलायचा’ तो हाच क्षण. १९८९मध्ये होंडाने इंटिग्रात हे तंत्र पहिल्यांदा आणलं, तेव्हा १.६ लिटरच्या इंजिनातून, टर्बो न लावता, १६० पीएस काढले होते. तुमच्या सिटीतलं त्याच घराण्यातलं, पण बरंच साधं आणि सोशिक.

आता यात मरण्यासारखं काय आहे? उंच कॅम घासून गुळगुळीत झाला तर ते खरं दुखणं, पण ९६ हजारांवर तसं क्वचित होतं. त्यापेक्षा फार जास्त वेळा काय होतं, तर सोलेनॉइडच्या बुडाशी रबरी किनार असलेली एक बारीक जाळी बसवलेली असते, ती काळ्या ऑइलच्या गाळाने बुजते. रबर कडक होऊन तिथून ऑइल पाझरतं. किंवा मेकॅनिकने धूर झाकायला जाडसर ऑइल घातलेलं असतं. किंवा मुळात ऑइलच कमी असतं. यातलं काहीही झालं की पिन सरकत नाही, इंजिन खालच्या कॅमवरच राहतं आणि गाडी उचलत नाही. शिवाय ईसीयू स्वतःही व्हीटेक उघडायला राजी लागतो: तो आरपीएम बघतो, गाडीचा वेग बघतो, इंजिनवरचा भार बघतो, कूलंटचं तापमान बघतो. एखादा सेन्सर खोटं बोलत असेल तर तो गप्प बसतो. त्या काळच्या होंडा गाड्या चेक इंजिनचा दिवा लुकलुकवून आजार सांगतात. व्हीटेक सोलेनॉइडचा कोड २१, त्याच्या प्रेशर स्विचचा २२. एका वायरच्या तुकड्याने दोन पिना जोडल्या की गाडी बोलायला लागते. पत्रातून सांगतोय म्हणजे मीही उंटावरून शेळ्याच हाकतोय, पण ट्यूनरने यातलं काहीच न बघता, गाडी न बघता, इंजिन बदलायचा कागद दिलाय. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

घाटात काटा चढण्याची कथाही तशीच. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा लाडका घरगुती उपाय आहे. पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, सपाट रस्त्यावर काटा खाली राहतो, मेकॅनिकची शाबासकी. पण इंजिन धड तापतच नाही, थंड समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतो, आणि ज्या कारणाने काटा चढत होता ते कारण जागच्या जागी. रेडिएटरची नळी तुंबली असेल, पंखा वेळेवर लागत नसेल, किंवा, आणि हे मला जास्त शक्य वाटतं, वर्षानुवर्षं कूलंटऐवजी विहिरीचं पाणी पडलं असेल. या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. कूलंट म्हणजे नुसता हिरवा रंग नसतो, गंजरोधक असतं. दोन-तीन वेळा जोरात तापलं की हेड वाकडं होतं आणि हेड गॅस्केट सुटतं. तपासायला सोपं: थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा, इंजिन तापत आल्यावरही पाण्यात बुडबुडे येतच राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, तर हेड उतरवावं लागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेडला फेस मारून (वाकडं झालेलं तोंड घासून सपाट करून) देणारे, व्हॉल्व्ह सीट कापून देणारे हात पिढ्यान् पिढ्या तयार झालेले आहेत; ज्यांनी ऑइल इंजिनं घडवली त्यांना तुमचं हेड म्हणजे सकाळच्या चहाआधीचं काम.

उन्हातली स्टार्टिंगची तक्रार वाचून मात्र मी हसलो, कारण ती लक्षणं त्या काळच्या होंडाच्या पोथीत पहिल्या पानावर आहेत. डॅशबोर्डाखाली एक मेन रिले असतो, पेट्रोलच्या पंपाला तो वीज देतो. वर्षांनुवर्षं तापून-थंड होऊन त्याच्या आतल्या सोल्डरला केसासारख्या भेगा पडतात. गाडी उन्हात उभी राहिली की भेग उघडते, पंपाला वीज जात नाही. संध्याकाळी गार झाली की गाडी सुतासारखी सरळ. पुढच्या वेळी किल्ली ऑनपर्यंत फिरवा, स्टार्ट करू नका, कान द्या: मागच्या सीटखालून दोनेक सेकंद ‘गूं’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर रिले उघडून सोल्डरिंग आयर्न टेकवा. तुमच्या प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा करून देईल. पंप वाजला आणि तरीही इंजिन धरलं नाही, तर डिस्ट्रिब्यूटरकडे बघा. त्याच्या पोटातली कॉइल आणि इग्नायटर हेही उष्णतेला वैतागतात.

राहता राहिला निळा धूर. फक्त सकाळी, पहिल्या स्टार्टला, आणि मग थांबतो, असं तुम्ही लिहिलंय. हे बारकाईने बघितल्याबद्दल तुम्हाला दहापैकी दहा. असा धूर बहुतेकदा व्हॉल्व्हच्या रबरी सीलचा असतो: रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरतं, सकाळी जळतं. रिंगा गेल्या असत्या तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागचा दुचाकीवाला तुम्हाला शिव्या देत गेला असता. तरी अंदाजावर राहू नका. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. मेकॅनिक किलोत (चौरस सेंटिमीटरवरचा दाब) सांगतील: होंडाच्या या डी मालिकेतल्या इंजिनांना साधारण साडेनऊच्या खाली नको, आणि चौघांतला फरक दोनपेक्षा जास्त नको. एखादं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हा पंधरा मिनिटांचा प्रयोग न करता जो तुम्हाला इंजिन बदलायला सांगतो, त्याच्याकडून साधं ऑइलही बदलून घेऊ नका.

समजा, हे सगळं करूनही इंजिन खरंच गेलेलं निघालं. तरीही हाफ-कट आणि टर्बो या दोन्हींबद्दल माझं मत वाईट आहे, आणि ते केवळ म्हाताऱ्या माणसाचं नाक मुरडणं नाही. तुमच्या गाडीची आरसी नोव्हेंबरात संपते. २०१६ला एकदा, २०२१ला एकदा अशी पाच-पाच वर्षांची दोन नूतनीकरणं झालीत, हे तिसरं. आरटीओत गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते, चेसिस नंबर-इंजिन नंबर जुळवून बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलंय. त्याच जातीचं इंजिन परवानगी घेऊन, कागदपत्रांसह बदलता येतं. पण परदेशातून अर्धी कापून आलेल्या गाडीतलं, बिलाचा पत्ता नसलेलं इंजिन म्हणजे पुढची पाच वर्षं प्रत्येक नाक्यावर पोटात गोळा. अपघात झाला तर विमा कंपनी आधी बॉनेट उघडेल आणि मग फाइल बंद करेल. आणि ती गाडी तुमच्या नावावर नाही, बाबांच्या नावावर आहे. नोटीस आली तर त्यांना येईल.

टर्बोचं तर विचारूच नका. ज्या इंजिनाची कूलिंग सिस्टीम आंबा घाटात हात टेकते, त्याच्यावर आणखी उष्णता लादायची? शिवाय ईसीयूला टर्बोची भाषा शिकवावी लागते, क्लच बदलावा लागतो, आणि ब्रेक मात्र तेच, पुढे डिस्क मागे ड्रम. टर्बो लावलेल्या होंडा रस्त्यावर आहेत, काही फार सुरेख आहेत. पण त्यांचे मालक आठवड्यातली एक संध्याकाळ बॉनेटखाली काढतात. तुम्ही पुण्यात, गाडी रत्नागिरीत. कोण काढणार?

एवढं बोलून झालं ते इंजिनाबद्दल, आणि खरं सांगू का, इंजिन हा या गोष्टीतला सोपा भाग आहे. तुमच्या पत्रात पत्र्याबद्दल एक अक्षर नाही. गाडी कोकणात चोवीस पावसाळे काढून बसलीय, त्यातले शेवटचे तीन न हलता. या गाडीचं इंजिन मिळेल, गिअरबॉक्स मिळेल, दिवे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर दिल्लीच्या मायापुरीत शोधून मिळतील. पत्रा मिळत नाही. म्हणून एक रुपया खर्च करण्याआधी गाडीचं अंग तपासा.

एक साधं लोहचुंबक घ्या, फ्रिजवरचं चालेल, आणि मऊ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून, मागच्या चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. मग आतलं कारपेट उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचं, आणि डिकीतलं स्टेपनीच्या खालचं. वास घ्या. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर खालून गंज चढलाय. शेवटी जॅक जिथे लावतात ती शिवण आणि दारांखालचे सिल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. ठणठण वाजलं तर ठीक. भदभद वाजलं, किंवा तांबडा भुगा सांडला, तर तिथे पत्रा कापून नवा जोडावा लागेल, आणि ते काम चांगल्या वेल्डरचं आहे, डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं नाही. कोटेशनमधला ‘रंग’ हा शब्द मला म्हणूनच सगळ्यांत भीतीदायक वाटला. गंजावर मारलेला रंग दोन पावसाळे टिकतो आणि तोवर आतून गाडी संपलेली असते. सिल आणि सस्पेन्शनच्या जोडण्या सडलेल्या निघाल्या तर मी तुमच्या भावाच्या बाजूचा. मग अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या, आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नुसती किल्ली देऊन मोकळे होऊ नका. त्याच नंबरवर उद्या दुसरीच गाडी फिरेल.

पत्रा ठीक निघाला असं धरून पुढे जातो. ‘फक्त ९६ हजार झालीय’ असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. लोखंडासाठी ते खरं, रबरासाठी नाही. रबर कॅलेंडर बघतं, मीटर बघत नाही. टायमिंग बेल्ट, कूलंटचे पाइप, ब्रेकचे होज, बुश, टायर, सगळं पंचविशीतलं नाहीतर पंधराव्या वर्षातलं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४१५ दिसलं तर ते २०१५चं टायर, नक्षी कितीही ताजी दिसो. पेट्रोलचे पाइप तर नक्कीच बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ही गाडी घडवली तेव्हा त्याचा कुणी विचार केलेला नव्हता. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत साडेतीन वर्षांचं जे काही उरलंय ते पेट्रोल नाही, ते सगळं काढून टाका, टाकी आतून बघा.

टायमिंग बेल्टवर मात्र थांबतो, कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. वीसएक वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचा बेल्ट बदलला. वॉटर पंप बेल्टच्याच ओळीत बसतो, त्यालाही तोच बेल्ट फिरवतो. पंप ठणठणीत दिसत होता, मी म्हटलं राहू दे, तेवढेच हजार-बाराशे वाचतील. आठ महिन्यांनी पंप गळायला लागला. पुन्हा तेच सगळं उघडायचं, पुन्हा तीच मजुरी, आणि पाण्याने भिजलेला नवा बेल्ट टाकून आणखी एक नवा. बेल्ट, टेन्शनर, पंप, पुढचं ऑइल सील: एकाच बैठकीत. आणि हा बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, म्हणून ‘अजून चालेल’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. बेल्टच्या कामासाठी वरचं कव्हर निघेलच, त्याच वेळी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधली फट) सेट करून घ्या, इंजिन पूर्ण थंड असताना. पाव मिलिमीटरच्या आतबाहेरची फट, फीलर गेजने. अर्ध्या दिवसाचं काम, पण पिकअपमध्ये त्याचा वाटा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा.

मग अपग्रेड काहीच नाही का? आहे की. चांगले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. कंपनीच्या मापाचे उत्तम टायर. मोठी चाकं नकोत, ती कमानीला घासतात आणि स्टीअरिंग जड करतात. नवे शॉक ॲब्सॉर्बर, सगळे बुश. हेडलाइटला वेगळी रिले-वायरिंग, म्हणजे पंचवीस वर्षांच्या बारीक वायरीतून वीज रांगत यायची नाही आणि मूळ बल्बच दुप्पट वाटतील. ही यादी बघून ट्यूनरचा चेहरा पडेल. पण आंबा घाट उतरताना वळणावर गाडी जिथे ठेवली तिथे राहिली, की त्याला परफॉर्मन्स म्हणतात.

नवऱ्याच्या स्विफ्टबद्दल. ते चूक बोलत नाहीत, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देताहेत. रोज कॉलेजला जायला गाडी हवी असेल तर स्विफ्टच घ्या, आणि सिटीवर त्या अपेक्षेचं ओझं टाकू नका. दोघांनी बसून एक आकडा ठरवा, माझ्या मते दीड-पावणेदोन लाखांच्या वर नको, आणि त्यातले पहिले दहा-पंधरा हजार फक्त तपासणीचे: पत्रा, कॉम्प्रेशन, कूलिंग. तपासणीनंतर ‘थांबूया’ म्हणायची मोकळीक दोघांनाही हवी. नूतनीकरणाचा खर्चही यातच धरा. वीस वर्षांवरच्या मोटारीला आता ते शुल्क १० हजार रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी आलंच. आणि दिवाळीचा हट्ट सोडा. जुन्या गाडीला मुहूर्त दिला की मेकॅनिक घाईत काम उरकतो. काम टप्प्यांनी करा, प्रत्येक टप्प्याला बिल घ्या, काढलेला जुना पार्ट परत मागा. जो मेकॅनिक जुना पार्ट द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून पुढचा टप्पा करून घेऊ नका.

रत्नागिरीहून गाडी कोल्हापूरला न्यायची झाली तर फ्लॅट-बेडवर न्या. दोरीने ओढून घाट चढवायचा विचार कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

आता त्या ‘कुणाला पत्ता लागू न देता’बद्दल. पडवीतून गाडी नाहीशी होते आणि बाबांना कळत नाही, हे कसं जमणार होतं, हा प्रश्न बाजूला ठेवतो. माझी शंका वेगळी आहे. तुम्ही तीन पानं लिहिलीत, त्यात बाबा या गाडीबद्दल काय म्हणाले याचं एकही वाक्य नाही. त्यांना ती जोरात हवी आहे की नुसती सुरू झालेली, की कुणी त्यांना शेजारी बसवून गणपतीपुळ्यापर्यंत नेऊन आणावं एवढंच? की खरंतर त्यांनी ती मनातून कधीच सोडून दिलीय? हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. आणि अगदी व्यवहाराने बघितलं तरी या गाडीबद्दल सगळ्यांत जास्त माहिती असलेला माणूस तुम्ही गुपिताच्या बाहेर ठेवलाय. बेल्ट शेवटचा कधी बदलला, थर्मोस्टॅट काढला तो कुठल्या साली, ऑइल कुठलं घालायचे, काटा चढायचा तो चढावर की उतार संपून गाडी थांबल्यावर, हे ट्यूनर सांगू शकत नाही. त्या पिढीतले लोक सर्व्हिसची बिलं फायलीत लावून ठेवतात. कपाटात असेल.

तेव्हा पुढच्या शनिवारी गावी जा. बॅटरी लावू नका, किल्ली फिरवू नका. आधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा बघा. साडेतीन वर्षांत उंदरांनी तिथे घरटं केलं नसेल तर मला नवल वाटेल. वायरी कुरतडल्यात का ते टॉर्च लावून बघा. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. रविवारी सकाळी पुढच्या चाकाच्या बाजूने क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा, हळू, दोन पूर्ण फेरे. हे इंजिन बहुतेक गाड्यांच्या उलट, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरतं. मेकॅनिक बरोबर घेतलात तरी ही आठवण त्याला करून द्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं.

आणि चिऱ्यांवरून गाडी खाली घेण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या: उभी करताना हँडब्रेक ओढलेला होता का? लिव्हर वर दिसतोय की खाली, यावर जाऊ नका. मधल्या काळात कुणी हलवला असेल. ओढलेला राहिला असेल तर मागचे शू ड्रमला गंजून चिकटले असतील, आणि गाडी ढकलली की लायनिंग उपटून हातात येईल. ड्रम आधी खोलावे लागतील. हे फक्त बाबांना ठाऊक आहे. त्यांनाच विचारा.